यंत्रास वाचा कशी फुटली
(नभोवाणीवरील भाषण)

रात्रीची वेळ असते. दार आतून लावलेले असते आणि कडी वाजते. आतून विचारणा होते, “कोण आहे?” बाहेरून उत्तर येते, “मी!” त्या एका अक्षरात ना नाव असते, ना गाव. जगातील प्रत्येक मनुष्य स्वतःस ‘मी’च म्हणतो. तरीही आतल्या माणसास तेवढे पुरते. कडी निघते, दार उघडते, आणि बाहेर उभा असलेला मनुष्य घरातलाच निघतो. शब्दाने जे सांगितले नाही ते आवाजाने सांगून टाकलेले असते. मनुष्याचा आवाज म्हणजे केवळ अर्थाचे वाहन नव्हे. ते त्याचे ओळखपत्र आहे, आणि ते त्याच्या जन्मापासून त्याच्या कंठात ठेवलेले आहे, अशी आजवर साऱ्यांची समजूत होती. यंत्राने मनुष्यासारखे बोलावे म्हणून गेली अडीचशे वर्षे जे प्रयत्न चालले, त्यांनी या समजुतीलाच आज हात घातला आहे.

आवाजाची खरी किंमत तो नाहीसा झाला म्हणजे कळते. १९८५ साली केंब्रिज विद्यापीठातील विख्यात पदार्थविज्ञानवेत्ते स्टीफन हॉकिंग जिनिव्हा येथे गेले असता त्यांना न्यूमोनियाने गाठले. स्नायूंचे बळ हरण करणाऱ्या व्याधीने त्यांचे शरीर आधीच पांगळे केले होते, आणि त्यांचे बोलणेही निकटच्या मंडळींनाच उमगावे इतके अस्पष्ट झाले होते. प्राण वाचविण्यासाठी श्वासनलिकेस छिद्र पाडणे भाग पडले. प्राण वाचले, पण उरलीसुरली वाचा गेली. पुढे काही काळ असा गेला की, कोणी तरी अक्षरांचा तक्ता समोर धरावा, एकेका अक्षरावर बोट ठेवीत जावे, आणि हवे ते अक्षर आले म्हणजे हॉकिंग यांनी भुवई उचलावी. विश्वाच्या उत्पत्तीचा विचार करणारी बुद्धी एकेका अक्षरासाठी अशी तिष्ठत राहिली.

नंतर कॅलिफोर्नियातून एक संगणकप्रणाली आणि एक वाचायंत्र त्यांच्याकडे आले. पडद्यावरील शब्द ते हातातील कळीने आणि पुढे हातही थकल्यावर गालाच्या स्नायूच्या हालचालीने निवडीत, आणि यंत्र ते वाक्य उच्चारून दाखवी. तो किंचित सपाट, अमेरिकन वळणाचा आवाज साऱ्या जगास परिचित झाला. हॉकिंग तर पक्के इंग्रज! पुढील तीस वर्षांत याहून गोड, याहून नैसर्गिक असे कितीतरी आवाज निघाले. त्यांना ते देऊही करण्यात आले. त्यांनी ते नाकारले. हा आवाज आता आपलाच झाला आहे, अशी त्यांची भूमिका होती. मार्च २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले, त्यापूर्वी काही महिने जुने यंत्र बंद पडण्याच्या भीतीने यंत्रज्ञांनी तोच आवाज नव्या संगणकावर जसाच्या तसा उतरविण्याची खटपट केली होती. परंतु हा आवाज मुळात हॉकिंग यांचा नव्हता, तसा तो कोणा निर्जीव यंत्राचाही नव्हता. तो दुसऱ्याच एका माणसाचा होता. त्या माणसाची हकीगत यथावकाश येईल. तत्पूर्वी मनुष्य बोलतो म्हणजे नेमके काय करतो, हे पाहिले पाहिजे.

छातीच्या भात्यातून हवा वर येते. कंठात तिच्या वाटेवर दोन लवचिक पट्ट्या आडव्या असतात. त्यांस स्वरतंतू म्हणतात. हवेच्या दाबाने त्या उघडतात आणि मिटतात, पुनः उघडतात आणि मिटतात. प्रौढ पुरुषाच्या कंठात ही उघडझाप सेकंदास सुमारे १०० ते १२५ वेळा, स्त्रीच्या कंठात २००च्या आसपास, तर लहान मुलाच्या कंठात ३००पर्यंतही होते. आवाजाचा उंचसखलपणा यावर ठरतो. मात्र येथे जो ध्वनी उत्पन्न होतो तो निव्वळ गुंजारव असतो. त्यात ना ‘अ’ असतो, ना ‘ई’. त्यास अक्षररूप येते ते पुढच्या वाटेवर, कंठापासून ओठांपर्यंतच्या नळीत. प्रौढ पुरुषाची ही नळी सुमारे १७ सेंटिमीटर लांब असते.

नळाखाली घागर भरत असताना स्वयंपाकघरात बसलेल्या गृहिणीस न पाहताही ती भरत आल्याचे कळते. पाणी चढत जाते तसतशी आतील हवेची पोकळी लहान होते आणि आवाज चढत जातो. प्रत्येक पोकळीचे स्वतःचे असे काही आवडते स्वर असतात. त्यांना ती उचलून धरते आणि इतरांना दडपते. मुखाची पोकळीही तेच करते. जीभ कोठेही न उचलता नळी सरळ ठेवली तर सेकंदास सुमारे ५००, १५०० आणि २५०० कंपनांचे स्वर उठून येतात. तोंड उघडून ‘आ’ म्हटले की पहिली दोन स्थाने सुमारे ७०० आणि ११०० वर येतात. जीभ टाळ्याकडे नेऊन ‘ई’ म्हटले की ती ३०० आणि २३०० या अंतरावर फाकतात. ओठांचा चंबू करून ‘ऊ’ म्हटले की दोन्ही खाली उतरतात. या अनुनादस्थानांस शास्त्रज्ञ ‘फॉर्मंट’ म्हणतात. आपण स्वर ओळखतो ते याच खुणांवरून.

म्हणजे वाणीचे दोन भाग झाले : एक उगम आणि दुसरी घडण. ही दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, याची प्रचीती कोणासही घरबसल्या घेता येते. गवई षड्जावर ‘आ’कार लावतो आणि पंचमावरही ‘आ’कारच लावतो, येथे उगम बदलला, घडण तीच राहिली. उलट, आजारी माणसाच्या उशाशी बसलेली मंडळी कुजबुजतात तेव्हा स्वरतंतू मुळीच कंप पावत नाहीत. उगमस्थानी नुसता वाऱ्याचा फूत्कार असतो. तरीही ‘आई’ आणि ‘आऊ’ यांतील भेद कानास स्पष्ट कळतो, कारण घडण शाबूत असते.

आपल्याकडील शिक्षाग्रंथांच्या कर्त्यांना या दोन अंगांची चांगली जाण होती. घोष आणि अघोष हा भेद उगमाचा. कंठ, तालू, मूर्धा, दंत आणि ओष्ठ ही स्थाने घडणीची. शाळेतील मूल ‘कखगघङ’पासून ‘पफबभम’पर्यंत पाच ओळी घोकते, तेव्हा ते नकळत मुखाच्या नकाशावरून कंठापासून ओठांपर्यंत प्रवास करीत असते. प्राचीनांनी वाणीचे विश्लेषण केले. ती यंत्राने पुनः जुळवून दाखविण्याचा उद्योग मात्र युरोपात अठराव्या शतकात सुरू झाला.

१७८० साली सेंट पीटर्सबर्ग येथील अकादमीचे पारितोषिक क्रात्झेनस्टाइन नामक विद्वानास मिळाले. त्यांनी वेगवेगळ्या आकारांच्या पाच नळ्या करून त्यांतून पाच स्वर काढून दाखविले होते. याच सुमारास व्हिएन्नाच्या दरबारातील एक अधिकारी वोल्फगांग फॉन केंपेलेन याच विषयामागे लागले होते. त्यांनी फुप्फुसांच्या जागी भाता बसविला, स्वरतंतूंच्या जागी कंप पावणारी पट्टी लावली, आणि मुखाच्या जागी एक लवचिक नरसाळे. उजव्या कोपराने भाता दाबावयाचा आणि डाव्या हाताचा पंजा नरसाळ्याच्या तोंडावर कमीअधिक झाकून स्वर घडवावयाचे. नाकासाठी दोन छिद्रे आणि ‘स’, ‘श’ यांसाठी निराळ्या कळी होत्या. सुमारे वीस वर्षांच्या परिश्रमानंतर १७९१ साली त्यांनी या यंत्राचे सांगोपांग वर्णन करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला.

दुर्दैव असे की, याच केंपेलेन यांनी १७७० साली बुद्धिबळे खेळणारा एक यांत्रिक तुर्क दरबारात सादर करून वाहवा मिळविली होती, आणि त्या पेटाऱ्यात जिवंत माणूस दडविलेला असे. एका करामतीची लबाडी दुसऱ्या खऱ्या शोधास भोवली. बोलणाऱ्या यंत्राच्या पोटातही कोणी तरी बसला असेल, असे म्हणून लोकांनी ते हसण्यावारी नेले. ज्याने एकदा लांडगा आल्याची खोटी हाक दिली, त्याची खरी हाक कोण ऐकणार?

तथापि विचार वाया गेला नाही. पुढच्या शतकात लंडनचे चार्ल्स व्हीटस्टन यांनी केंपेलेन यांच्या वर्णनाबरहुकूम यंत्र बनविले. १८६३ साली ते पाहावयास एक सोळा वर्षांचा मुलगा आपल्या वडिलांबरोबर आला. वडील उच्चारशास्त्राचे शिक्षक होते आणि आई कानांनी अधू होती. मुलाचे नाव अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. घरी परतल्यावर त्याने आणि त्याच्या थोरल्या भावाने मिळून एक बोलका मुखवटा तयार केला. भावाने नळीतून फुंकर घालावी आणि बेलने ओठ-जीभ हलवावी. त्यातून ‘ममा’ असा आक्रोश इतका हुबेहूब निघू लागला की, बाळाला काय झाले, हे विचारावयास शेजारचे बिऱ्हाड खाली उतरले, असे बेल यांनी पुढे सांगितले आहे. हाच मुलगा १८७६ साली टेलिफोनचा जनक ठरला.

बेल यांच्याच नावाच्या प्रयोगशाळेत विसाव्या शतकात या विद्येस विजेचे बळ मिळाले. तेथील अभियंते होमर डडली यांच्या मनात एक मार्मिक विचार आला. ध्वनीची लाट सेकंदास हजारो वेळा हेलकावते. परंतु ती घडविणारे ओठ आणि जीभ यांची हालचाल मात्र फार संथ असते. मग साऱ्या लाटा तारेतून पाठविण्यापेक्षा मुखाच्या हालचालीचे वर्तमान तेवढे पाठवावे आणि पलीकडे त्यावरून आवाज पुनः घडवावा. या यंत्रास ‘व्होकोडर’ हे नाव पडले. दुसऱ्या महायुद्धात जुलै १९४३ पासून वॉशिंग्टन आणि लंडन यांच्यामधील गुप्त संभाषणे याच तत्त्वावर चालली. त्यासाठीची यंत्रसामग्री सुमारे ५० टन वजनाची होती.

त्याचेच भावंड ‘व्होडर’. ते १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मांडले गेले. त्यापुढे एक तरुणी पेटीवादकासारखी बसे. दहा बोटांखालील दहा पट्ट्या मुखाची घडण करीत. मनगटाखालील दांडीने गुंजारव आणि फूत्कार यांची अदलाबदल होई. पायाखालील पावटीने स्वर चढे-उतरे. हे वाजविण्यास शिकावयाला सुमारे एक वर्ष लागे. त्यावर एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांवर जोर देऊन म्हणून दाखविण्यात येई, आणि जोराबरोबर अर्थ पालटे. “मी उद्या येईन” या तीन शब्दांत ‘मी’वर जोर दिला तर इतरांचे सांगवत नाही, ‘उद्या’वर दिला तर आज येणे नाही, आणि ‘येईन’वर दिला तर ते वचन होते. बोलणे म्हणजे अक्षरांची बेरीज नव्हे, हा धडा यंत्रज्ञांना तेव्हाच मिळाला.

१९६० साली स्वीडनचे गुन्नार फांट यांनी उगम आणि घडण यांचे गणित एका ग्रंथात पक्के केले, आणि त्यापुढे भाते, नळ्या व पट्ट्या यांची जागा आकड्यांनी घेतली. १९६१ साली बेल प्रयोगशाळेतील संगणकाने एक लोकप्रिय इंग्रजी गीत गाऊन दाखविले. त्याच वर्षी त्या प्रयोगशाळेत एक भारतीय अभियंता रुजू झाला. त्याचे नाव बिष्णू अटल. कानपूरला १९३३ साली जन्मलेले, लखनौस पदवी घेतलेले आणि बंगळूरच्या विज्ञान संस्थेत पुढील शिक्षण झालेले हे गृहस्थ. त्यांनी, आणि जपानमध्ये स्वतंत्रपणे इताकुरा व सायतो यांनी, एक साधी दिसणारी पण फार फलदायी कल्पना राबविली. ध्वनीचे एका सेकंदात ८,००० आकडे घेतले, तर पुढचा आकडा काय असेल हे मागील दहाबारा आकड्यांवरून बव्हंशी वर्तविता येते. जे वर्तविता येते ती मुखाची घडण. जे वर्तविता येत नाही तो कंठाचा उगम. खिशातील भ्रमणध्वनीवर दूरच्या मुलाचा आवाज येतो, तेव्हा तो लाटेच्या रूपाने येत नाही. अशा वर्तविलेल्या आकड्यांच्या रूपाने येतो आणि कानाशी येऊन पुनः आवाज होतो. वस्तुतः आपण सर्वजण आज एकमेकांचे घडविलेले आवाजच ऐकत असतो.

आता त्या राहिलेल्या हकीगतीकडे वळावयाचे. अमेरिकेत केंब्रिज याच नावाचे दुसरे एक गाव आहे. तेथील एमआयटी या तंत्रशिक्षणसंस्थेत डेनिस क्लॅट नावाचे संशोधक होते. कोणताही मजकूर द्यावा आणि यंत्राने तो वाचून दाखवावा, या कामास त्यांनी वाहून घेतले. एक एक अनुनाद, एक एक उच्चार, त्याचा चढउतार, त्याची लांबी यांचे नियम त्यांनी बसविले. सुमारे ४० आकडे सेकंदाच्या दोनशेव्या भागागणिक बदलत ठेवावयाचे, की त्यातून वाक्य उमटे. १९८० साली त्यांनी हा सारा कार्यक्रम, काही हातचे न राखता, प्रसिद्ध करून टाकला. नियमांना मापे लागतात आणि मापांसाठी माणूस लागतो. पुरुषाच्या आवाजासाठी त्यांनी स्वतःच्या कंठाची मापे घेतली, स्त्रीच्या आवाजासाठी पत्नीची आणि मुलाच्या आवाजासाठी आपल्या मुलीची. त्यांच्या कार्यावर उभारलेल्या यंत्रातून हॉकिंग बोलू लागले. इंग्रज शास्त्रज्ञाच्या मुखी अमेरिकन वळण का, याचे उत्तर हे असे आहे. १९८८ साली क्लॅट कर्करोगाने वारले. अखेरच्या काळात त्यांचा स्वतःचा आवाज क्षीण होत गेला होता. ज्याने मुक्यांना वाचा दिली त्याचाच कंठ काळाने दाबावा, आणि त्याचा आवाज मात्र दुसऱ्याच्या मुखातून पुढे तीस वर्षे विश्वाचे गूढ सांगत राहावा, हा योग कोणा कथालेखकास सुचला असता तर वाचकांनी तो ओढूनताणून आणलेला म्हटला असता.

क्लॅट यांचा मार्ग नियमांचा होता. दुसरा मार्ग जुळवाजुळवीचा. एका माणसाकडून तासन् तास वाचून घ्यावयाचे, त्या ध्वनिमुद्रणाचे बारीक तुकडे करावयाचे, आणि गोधडी शिवावी तसे हवे ते तुकडे जोडून नवे वाक्य करावयाचे. आवाज खऱ्या माणसाचाच. फक्त टाके दिसू नयेत एवढी दक्षता. रेल्वे स्थानकावर गाड्यांच्या वेळा सांगणारा आवाज हा या पद्धतीचा ओबडधोबड पण सर्वांच्या ओळखीचा नमुना होय.

कोणत्याही मार्गाने जावे, यंत्रास आधी ती भाषा वाचता आली पाहिजे. देवनागरी जशी लिहिली जाते तशीच वाचली जाते, असे आपण अभिमानाने म्हणतो. यंत्रास शिकवू लागले म्हणजे तो अभिमान थोडा आवरावा लागतो. ‘करवत’ या शब्दात लेखणीने चार अकार लिहिले. जीभ दोनच उच्चारते. ‘चार आणे’ यातील ‘चार’ आणि ‘गाईला गवत चार’ यातील ‘चार’ लेखनात जुळी भावंडे आहेत, पण पहिल्यातील ‘च’ तालव्य आणि दुसऱ्यातील दंततालव्य. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांचीही तीच गत. ‘गंगा’, ‘पंप’ आणि ‘संशय’ या तिन्ही शब्दांवर टिंब एकच, उच्चार तीन. आकड्यांची तर कथाच निराळी. एकोणपन्नास, एकोणसाठ, त्रेसष्ट, चौऱ्याहत्तर. शंभरापर्यंत जवळजवळ प्रत्येक संख्येस स्वतंत्र नाव. मराठी माणूस हे सारे आईच्या मांडीवर शिकतो, म्हणून त्याला ते ठाऊक असल्याचेही ठाऊक नसते. यंत्रास शिकविताना ते प्रथमच मांडून दाखवावे लागते. आज संगणकावर आणि भ्रमणध्वनीवर मराठी वाचून दाखविणारी साधने आहेत. दृष्टिहीन विद्यार्थी त्यांच्या आधारे वर्तमानपत्र वाचतो, पत्र वाचतो, परीक्षेची तयारी करतो. त्यांच्यापैकी कित्येकांना गोड आवाजापेक्षा जलद आवाज हवा असतो; डोळस मनुष्य ज्या वेगाने पानावरून नजर फिरवितो, त्या वेगाने त्यांना ऐकावयाचे असते.

गेल्या दहा वर्षांत या विद्येने एकदम मोठी उडी घेतली. २०१६ साली लंडनच्या डीपमाइंड या संस्थेने एक नवी पद्धत पुढे आणली. उगम, घडण, अनुनाद यांचे कोणतेही नियम मनुष्याने सांगावयाचे नाहीत. यंत्रास तासन् तास मानवी बोलणे ऐकवावयाचे, आणि सेकंदास १६,००० आकडे या हिशेबाने, आधीचे आकडे पाहून पुढचा आकडा काय येईल हे त्याने आपले आपण शिकावयाचे. कल्पना अटल यांच्याच कुळातील. पण दहाबारा आकड्यांच्या जागी हजारो आणि सरळ सूत्राच्या जागी लक्षावधी गुणकांचे जाळे. या यंत्राच्या आवाजात शब्दांमधला श्वासही ऐकू येऊ लागला.

यातूनच आवाज पालटण्याची कला निघाली. जुनी फोनोची तबकडी वेगाने फिरविली तर गंभीर गायकही पोरकट वाटे, कारण उगम आणि घडण दोन्ही एकदमच वर सरकत. आता ती स्वतंत्रपणे हलविता येतात. एकाचे शब्द, एकाचीच लय, परंतु कंठ दुसऱ्याचा, असे करता येते. यंत्र अनेक माणसांचे बोलणे ऐकून प्रत्येकाच्या आवाजाची एक संक्षिप्त खूण काढते. ती खूण हाती आली की त्या आवाजात वाटेल ते बोलविता येते. केंपेलेन यांची वीस वर्षे गेली. व्होडर शिकावयास वर्ष लागे. २०२३ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी दाखविले की, अनोळखी माणसाच्या अवघ्या तीन सेकंदांच्या नमुन्यावरून त्याच्या आवाजाची प्रतिकृती उभी करता येते. तीन सेकंद म्हणजे टेलिफोन उचलून “हॅलो, कोण बोलतंय?” म्हणावयास लागणारा वेळ.

येथे त्या बंद दाराची आठवण होते. बाहेरून “मी!” असे उत्तर आले आणि आवाज घरातल्या माणसाचा निघाला, तरी आता कडी काढावी की काढू नये? जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात हजारो मतदारांना टेलिफोनवर त्यांच्या राष्ट्राध्यक्षांचा आवाज ऐकू आला. मतदानास जाऊ नका, असा त्याचा आशय होता. राष्ट्राध्यक्ष तसे बोललेच नव्हते. पुढच्याच महिन्यात तेथील दळणवळण आयोगाने अशा स्वयंचलित टेलिफोनमधील कृत्रिम आवाज बेकायदेशीर ठरविला. आपल्याकडेही न्यायालयांस हा प्रश्न हाती घ्यावा लागला. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंह यांच्या आवाजाची अशी नक्कल करण्यास अंतरिम मनाई केली. २०२५ साली आशा भोसले यांच्या आवाजासही त्याच न्यायालयाने संरक्षण दिले. ज्या आवाजामागे अनेक दशकांचा रियाज आहे, तो त्या व्यक्तीच्या अनुमतीवाचून यंत्रात घालून विकावयाचा, ही चोरीच होय. फरक एवढाच की, या चोरीत चोरीस गेलेली वस्तू मालकाजवळही शिल्लक राहते, आणि म्हणूनच ती गेल्याचे त्यास उशिरा कळते.

नामवंतांस न्यायालय आहे. सामान्य कुटुंबास स्वतःचीच सावधगिरी आहे. परगावी शिकत असलेल्या मुलाचा आवाज टेलिफोनवर येतो, तो घाबराघुबरा असतो, अपघाताचे सांगतो आणि तात्काळ पैसे मागतो. आईचे काळीज त्या आवाजास फसते, कारण आजवर त्या आवाजाने तिला कधी फसविलेले नसते. अशा वेळी टेलिफोन खाली ठेवून मुलाच्या नेहमीच्या क्रमांकावर स्वतः टेलिफोन करावा, अथवा घरातल्यांनाच ठाऊक असेल असा एखादा प्रश्न विचारावा. यात अविश्वास नाही. खरा मुलगा असेल तर तो रागावणार नाही, आणि खोटा असेल तर तो उत्तर देणार नाही. पूर्वी किल्ल्याच्या दरवाज्यावर परवलीचा शब्द विचारीत. तो शब्द आता घरोघरी ठरवून ठेवण्याची वेळ आली आहे.

मात्र चोरांच्या भयाने विद्येसच दूषण देणे न्यायाचे होणार नाही. स्वरयंत्राच्या कर्करोगात ते काढूनच टाकावे लागणार असे ठरते, किंवा स्नायूंच्या व्याधीने वाचा जाणार हे दिसू लागते, तेव्हा रुग्णाने अगोदरच आपला आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवावा, अशी सोय आता होऊ शकते. तोंडातील शब्द संपल्यावरही यंत्र त्याच्याच आवाजात बोलेल. हॉकिंग यांना परक्याचा आवाज आपलासा करावा लागला. पुढच्या रुग्णास स्वतःचाच आवाज जपून ठेवता येईल. तंबाखूने कंठ गमावणाऱ्यांची संख्या ज्या देशात मोठी आहे, त्या देशात ही सोय चैनीची म्हणता येणार नाही. नातवास आजोबांनी गोष्ट सांगावी आणि ती आजोबांच्याच आवाजात सांगावी, याचे मोल कोणत्या तराजूत करावयाचे?

एकाच विद्येची ही दोन फळे. दोहोंत यंत्र तेच, आकडे तेच, तीन सेकंदांची किमयाही तीच. भेद आहे तो एका गोष्टीचा : ज्याचा आवाज आहे त्यास विचारले होते की नाही? क्लॅट यांनी आपला आवाज जाणूनबुजून दिला, आणि हॉकिंग यांनी तो जाणूनबुजून घेतला. तो व्यवहार दोन्ही बाजूंनी उजळ होता. म्हणूनच साऱ्या जगाने तो आवाज ऐकला, आणि कोणाचीही फसवणूक झाली नाही.